छताचं गणित पंख्यापासून: खोलीला जिप्समचं छत स्वतः लावताना

आमची इमारत १९९४ ची, चिंचवडमधली, आणि आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या खोलीच्या स्लॅबचा गिलावा दोन ठिकाणी पोपडे धरून सुटला होता. खोलीचं काम काढलंच होतं, तेव्हा तिथे जिप्सम बोर्डाचं छत करायचं ठरलं आणि ते मी आणि माझे धाकटे दीर, दोघांनी मिळून लावलं. मी भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर मोजमाप हेच काम. छताच्या कामातही सगळ्यात जास्त उपयोग मोजमापाचाच झाला. बोर्ड चढवायला आम्हाला एक दिवस लागला, त्याआधीची आखणी आणि सांगाडा यांना तीन दिवस.

पहिली गोष्ट गळतीची. स्लॅब ओला असेल तर छत लावू नका. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याच्या वजनात साधारण २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली तर ते पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ उष्णता थोपवली जाते, म्हणून हा बोर्ड आगीला बरा. पण बाहेरून पाणी मुरलं की वरचा कागद सुटतो, पोट मऊ पडतं आणि बोर्ड झोळीसारखा खाली येतो. आम्ही आदल्या एप्रिलमध्ये गच्चीचा कोबा काढून नवा करून घेतला आणि मग एक पूर्ण पावसाळा थांबलो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी मी स्लॅबवरचे जुने डाग खडूने घेरून ठेवायचे. एकही डाग खडूच्या बाहेर गेला नाही, तेव्हाच सामानाची यादी काढली.

गिलाव्यावर लाकडी मुठीने ठोकत सगळी खोली फिरा. भद्द आवाज येईल तिथला गिलावा पोकळ आहे, तो पाडून टाका. नव्या छताच्या वर सुटा गिलावा ठेवला तर तो कधीतरी बोर्डावरच पडणार. आणि पाडताना आत गंजलेली, फुगलेली सळई दिसली तर काम तिथेच थांबवून इमारतीच्या रचनेचं कळणाऱ्या इंजिनिअरला दाखवा. गंजलेली सळई झाकण्यासाठी छत लावणं हा गुन्हा आहे असं मला मनापासून वाटतं.

आता आखणी. आमची खोली नावाला १२ बाय १०, प्रत्यक्षात ११ फूट ९ इंच बाय ९ फूट १० इंच. इंचात १४१ बाय ११८. मधोमध पंख्याचा हुक. तुमची खोलीही चारही बाजूंनी मोजा, समोरासमोरच्या भिंती सारख्या निघतीलच असं नाही. कर्णही मोजा.

बाजारात मिळणारा नेहमीचा बोर्ड ६ बाय ४ फुटांचा, १२.५ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या भाषेत अर्धा इंच, चार सूत. एकाचं वजन साधारण २० किलो. तो ज्या पट्ट्यांवर स्क्रूने बसतो त्यांना सीलिंग सेक्शन म्हणतात आणि त्या १८ इंचांवर लावायच्या. बोर्डाची लांबी ७२ इंच, म्हणजे बरोबर चार भाग. बोर्डाचं टोक नेमकं सेक्शनच्या मध्यावर यावं म्हणून हे माप आहे.

बहुतेक जण भिंतीपासून १८, ३६, ५४ असं मोजत जातात. मीही कागदावर तसंच आखलं. चौथा सेक्शन ७२ इंचावर आला आणि पंख्याचा दांडा ७० इंच चार सुतांवर. सेक्शनची रुंदी दोन इंचांहून थोडी जास्त, म्हणजे तो दांड्याला अगदी चिकटतो. शिवाय दोन बोर्डांचा सांधाही तिथेच, पंख्याच्या दांड्यापाशी. सुरुवात समोरच्या भिंतीपासून करून पाहिली, तरी तेच.

म्हणून पंख्यापासून मोजायला घेतलं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना ९-९ इंच सोडून एकेक सेक्शन, मग तिथून भिंतीकडे १८-१८ इंच. डाव्या भिंतीपासूनची मापं अशी आली: ७.५, २५.५, ४३.५, ६१.५, ७९.५, ९७.५, ११५.५ आणि १३३.५ इंच. सात सेक्शनच्या जागी आठ लागले, पण दांडा दोन सेक्शनच्या बरोबर मध्ये आला. बोर्डाच्या तीन ओळी: ४८ इंच, ४८ इंच आणि उरलेले २२ इंच. पहिल्या ओळीत ४३.५ इंचांचा तुकडा, मग पूर्ण बोर्ड, मग २५.५ चा तुकडा. दुसऱ्या ओळीत हेच उलट. तिसरी पहिल्यासारखी. त्यामुळे शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एका रेषेत येत नाहीत, आणि पंख्याचं भोक दुसऱ्या ओळीतल्या अखंड बोर्डात येतं. ४३.५ आणि २५.५ मिळून ६९, म्हणजे दोन्ही तुकडे एकाच बोर्डातून निघतात. तिसऱ्या ओळीच्या २२ इंची पट्ट्या एका बोर्डातून दोन. एकूण पाच बोर्डांत खोली झाली. सहावा आणून ठेवला होता, कारण जिन्यातून चढवताना एखादा कोपरा तरी दबतोच.

हे गणित तुमच्या खोलीला वेगळं येईल. पण एक संध्याकाळ चौकटीचा कागद घेऊन बसा. सेक्शन, सांधे, पंखा, दिवे, सगळं एकाच कागदावर काढा. दिवे सेक्शनच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात धरा, नाहीतर भोक पाडताना पत्रा आडवा येतो.

सांगाड्याचं सामान असं. भिंतीला लागून चारही बाजूंनी फिरणारी पेरिमीटर पट्टी, १२ फुटी चार नग. स्लॅबपासून लोंबणारं वजन घेणारे इंटरमीडिएट चॅनल, ४५ मिलिमीटरचे आणि बाकी पत्र्यापेक्षा जाड, जवळपास १ मिलिमीटरचे. ते चार चार फुटांवर लागतात, आमच्या खोलीत तीन. मध्यभागी पंखा असल्याने मधला चॅनल नेमका मध्यावर घेता येत नाही, म्हणून ९ फूट १० इंचांच्या बाजूने १८, ६४ आणि १०८ इंचांवर घेतले. त्यांच्या खाली काटकोनात आठ सेक्शन. जिथे दोन्ही ओलांडतात तिथे कनेक्टिंग क्लिप, तीन गुणिले आठ म्हणजे २४. चॅनल स्लॅबला टांगायला हँगर म्हणून सीलिंग अँगलचे १२ तुकडे, ते स्लॅबला पकडायला तेवढ्याच एल आकाराच्या क्लीट आणि तेवढेच लोखंडी फास्टनर. काळे ड्रायवॉल स्क्रू २५ मिलिमीटरचे, २५० घ्या. कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड. दुकानदार हलक्या पत्र्याचं सामानही दाखवेल. पट्टी हातात धरून पिळून पाहा, सहज पिळली गेली तर ती घेऊ नका.

लेव्हल कशी काढायची यावर थोडं थांबते, कारण इथेच छत सरळ किंवा वाकडं ठरतं. जमिनीपासून टेपने मोजून चारही भिंतींवर खुणा करू नका. आमच्या फरशीत दाराच्या कोपऱ्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत पाच सुतांचा फरक निघाला. स्लॅबपासून मोजाल तर तो त्याहून वाईट. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक पहिल्या खुणेशी धरा आणि दुसरं कोपऱ्याकोपऱ्यात न्या. माझी लेक एक टोक धरून उभी होती, मी दुसरं. ती "थांबलं" म्हणाली की मी पेन्सिल टेकवायची. लेझर असेल तर काम लवकर होतं, पण त्याचाही ताळा मी नळीनेच घेतला होता आणि दोन्ही जुळले. सगळ्या खुणा झाल्यावर रंगाच्या दोरीने रेषा मारा. रेषा पत्र्याच्या खालच्या कडेची, बोर्ड तिच्याखाली अर्धा इंच येणार हे लक्षात ठेवा.

आम्ही स्लॅबपासून सहा इंच खाली उतरलो. सांगाडा आणि बोर्ड मिळून साडेतीन इंचांत बसतात, पण क्लिप लावायला, वायर फिरवायला हात आत जायला हवा. पंख्याचा दांडा मात्र तेवढाच लांब घ्यावा लागतो. आमचा १२ इंची होता, तिथे १८ इंची घेतला. पंखा स्लॅबच्या हुकालाच राहिला पाहिजे. पंखा, झोपाळ्याची कडी, जड झुंबर, यांतलं काहीही बोर्डावर किंवा या पत्र्याच्या सांगाड्यावर टांगायचं नाही.

ड्रिल हातात घेण्याआधी मेन स्विच बंद. जुन्या बांधकामात वायरच्या नळ्या स्लॅबमध्येच पुरलेल्या असतात आणि त्या कुठून कुठे जातात याचा नकाशा कोणाकडे नसतो. आम्ही शेजारच्या घरून एक्स्टेंशन आणून त्यावर ड्रिल चालवलं. पंख्यापासून स्विचबोर्डाच्या वरच्या भिंतीपर्यंतचा सरळ पट्टा खडूने मारून तिथे एकही भोक घेतलं नाही. ड्रिलवर टेप गुंडाळून दीड इंचाची खूण केली, त्यापेक्षा खोल जायचं नाही. बिट सळईला लागलं तर जोर लावू नका, दोन इंच सरका. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लागतोच, वर पाहत भोकं पाडताना सगळी पूड तोंडावरच येते.

स्लॅबला प्लास्टिकचे रावल प्लग वापरू नका. डोक्यावर सतत खाली ओढणारं वजन असतं, तिथे लोखंडी फास्टनरच हवा. भिंतीच्या पेरिमीटरला दोन दोन फुटांवर प्लास्टिकचे प्लग आणि स्क्रू चालतात.

हँगर प्रत्येक चॅनलला चार: १२, ५१, ९० आणि १२९ इंचांवर. पाच बोर्डांचे १०० किलो, वर पत्रा आणि कंपाउंड, म्हणजे १२ हँगरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १० किलो. मी प्रत्येक हँगरला २० लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन दोरीने पाच मिनिटं टांगून पाहिला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बारा वेळा?" बारा वेळा. आठव्या हँगरचा फास्टनर दोन सूत खाली सरकला. तिथला स्लॅब वरून भुसभुशीत होता. तो काढून तीन इंच पलीकडे नवीन घेतला. कॅन लावला नसता तर हे कळलंच नसतं.

यानंतर पेरिमीटर रेषेवर ठोकून घ्या, हँगरना चॅनल दोन दोन स्क्रूंनी जोडा, आणि सेक्शनची टोकं पेरिमीटरमध्ये बसवून क्लिपने चॅनलला अडकवा. समोरासमोरच्या पेरिमीटरच्या खालच्या कडेला दोरी ताणून धरा आणि प्रत्येक सेक्शन दोरीला नुसता टेकतोय का ते पाहा. उंची हँगरवरच कमीजास्त करा. पत्रा कात्रीने कापलेल्या कडा पात्यासारख्या असतात, कातडी हातमोजे घाला.

वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. वायर नळीतून नेऊन चॅनलला बांधा, बोर्डावर मोकळी पडू देऊ नका. बोर्ड चढवायच्या आधी चारही कोपऱ्यांतून फोटो काढा, एका सेक्शनवर टेप उलगडून. दोन वर्षांनी कुठे काय आहे हे त्या फोटोवरूनच कळणार आहे.

बोर्ड कापायला करवत लागत नाही. हस्तिदंती रंगाच्या दर्शनी बाजूवर पट्टी धरून कटरने कागद चिरा, बोर्ड टेबलाच्या काठावर घेऊन खाली दाबा, तो सरळ मोडतो. मग मागचा कागद कापा. प्रत्येक तुकडा मापापेक्षा एक सूत लहान ठेवा. भिंतीला घासून बसवलेला बोर्ड वर चढवताना कडा गमावतो, आणि पुढे तापमानाने हलायलाही त्याला जागा उरत नाही. बोर्डाच्या लांब कडा थोड्या उतरत्या असतात, त्या तशाच एकमेकींशेजारी येऊ द्या, टेप आणि कंपाउंड त्याच खळग्यात बसतं. कापलेल्या कडांना मात्र पॉलिश पेपरने थोडा उतार द्यावा लागतो.

चढवायला दोन माणसं हवीतच. आम्ही दोन घोड्यांवर फळ्या टाकल्या, उभं राहिल्यावर डोकं सांगाड्याच्या चार बोटं खाली येईल एवढ्या उंचीवर. दोन बाय एकच्या पट्टीचे दोन टेकू केले, इंग्रजी टी अक्षरासारखे, तयार छताच्या उंचीपेक्षा दोन सूत जास्त. बोर्ड वर उचलून टेकू तिरका लावून खालून सरळ करत आणला की तो बोर्ड घट्ट धरून ठेवतो आणि दोघांचेही हात मोकळे होतात. टेकू केला नाही तर एक माणूस डोक्याने बोर्ड पेलतो आणि दुसरा घाईने स्क्रू मारतो. मान आणि बोर्ड, दोन्हींसाठी ते वाईट.

स्क्रू बोर्डाच्या मध्यापासून कडेकडे मारत या, ९-९ इंचांवर. कागदी कडेपासून अर्धा इंच आत, कापलेल्या कडेपासून थोडं जास्त. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली दबलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये, कारण बोर्डाला पकड कागदाचीच असते. फाटला तर तो स्क्रू काढून दोन इंच शेजारी नवीन मारा. ड्रिलचा क्लच आधी टाकाऊ तुकड्यावर ठरवून घ्या. सेक्शन बोर्डाखाली झाकला गेल्यावर दिसत नाही, म्हणून भिंतीवर त्याच्या मध्याच्या खुणा आधीच करून ठेवा आणि बोर्डावर पेन्सिलची रेघ ओढून घ्या.

पंख्यासाठी तीन इंचांचं भोक, बोर्ड खाली असतानाच, दोन भिंतींपासून मोजून. दांडा एक इंचाचा असतो, सगळीकडून मोकळा राहिला पाहिजे. बोर्डाला टेकला तर पंख्याची थरथर छतात उतरते आणि सांधे फुटायला लागतात. भोक दांड्यावरच्या वाटीने झाकलं जातं.

सांध्यांवर पीओपी भरू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. ते कडक होतं आणि बोर्ड जरा हलला की केसासारखी भेग पडते. जॉइंटिंग कंपाउंडचा थर द्या, त्यावर कागदी टेप मधल्या घडीची रेघ सांध्यावर धरून लावा, आणि पट्टीने एका टोकाकडून दाबत जा, खालचं जादा कंपाउंड बाहेर येईल पण हवा राहणार नाही. टेपखाली थोडंसं कंपाउंड शिल्लक राहिलंच पाहिजे, नाहीतर कागद सुटतो. वाळल्यावर दुसरा थर आठ-दहा इंच रुंद, मग तिसरा त्याहून रुंद, पातळ. दोन थरांमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. आम्ही काम मार्चमध्ये केलं, हवा कोरडी होती. पावसाळ्यात हेच काम काढलं तर थर वरून वाळलेला दिसतो आणि आत ओला राहतो.

भाऊजींना सोमवारी कामावर जायचं होतं, म्हणून शेवटच्या ओळीतल्या एका सांध्याला आम्ही दुसरा थर त्याच संध्याकाळी दिला. सप्टेंबरात नेमक्या त्याच सांध्यावर हातभर भेग आली. मी टेपसकट तो खरवडून काढला आणि तीन दिवस घेऊन नव्याने केला. बाकीचे सगळे सांधे अजून जसेच्या तसे आहेत.

घासायला १५० चा आणि मग २२० चा पॉलिश पेपर. रात्री दिवे बंद करून टॉर्च छताला लागून आडवा धरा. दिवसा सपाट दिसणारा उंचवटा आडव्या उजेडात सावली टाकतो. त्याच्या भोवती पेन्सिलने गोल करा आणि सकाळी घासा किंवा लांबी (पुट्टी) भरा. कागद घासला जाणार नाही एवढी काळजी घ्या. मग प्रायमर, आणि रंगाचे दोन हात.

पंखा पुन्हा चढवला त्या रात्री मी टॉर्च आडवा धरून आणखी एकदा बघितलं. पेन्सिलचे चार गोल निघाले. ते पुसून रंगाचा शेवटचा हात दिला.